शब्दवेध : पॅटर्न

लातूरच्या ट्यूशन एरियात चहा घेताना ‘पॅटर्न’ हा शब्द कानावर पडला नाही, असं होत नाही. इंग्रजीत तो फ्रेंच ‘पात्रों’वरून आला, त्यामागं लॅटिन ‘पातेर’, म्हणजे बाप. ‘पेट्रन’ आणि ‘पॅटर्न’ मुळात एकच. धनी जसं वागेल तसं बाकीच्यांनी वागायचं, म्हणून तोच नमुना. आपल्याकडं कित्ता होताच. उदगीर, देगलूरपलीकडचे कन्नड भाषक ‘मादरी’ म्हणतात.

पण राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली नि ‘लातूर पॅटर्न’ रूढ झाला. अर्थ सरळ: घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवायची, तपासून घ्यायची, चुका काढून पुन्हा सोडवायची. घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते; मुलं मात्र वाढतच गेली. पुढं नांदेडही त्याच वाटेनं गेलं. परीक्षेचं स्वरूप फिरलं की ‘पॅटर्न बदलला’ हेही रुळलं.

गंमत पुढंच आहे. ‘आपला पॅटर्नच वेगळा’ असं दुचाकीच्या मागं लिहिणाऱ्या पोराला नेमकं उलटं म्हणायचं असतं: माझी नक्कल तुम्हाला जमायची नाही!