उजेडाची वीज, रक्ताची खबर

2004 च्या पावसाळ्यात तिवस्याला अब्बांच्या छातीत दुखू लागले. गॅस असेल म्हणून आम्ही ओव्याचे पाणी दिले. मग डॉक्टरांनी रक्त काढले आणि नळी अमरावतीच्या एसटीने पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला, तेव्हा आम्ही कबरस्तानातून परतलो होतो. कागदावर एक शब्द होता: ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. त्या शब्दाचा माग काढता काढता माझ्यासारखा साधा बी. ए. झालेला माणूस उजेडाच्या एका जुन्या गोष्टीपर्यंत पोचला.

1839 साली पॅरिसमध्ये एडमंड बेकेरेल या 19 वर्षांच्या मुलाने वडिलांच्या प्रयोगशाळेत आम्लाच्या पाण्यात प्लॅटिनमचे दोन पत्रे बुडवले. पत्र्यावर चांदीच्या क्षाराचा लेप होता. उजेड पडला की तारेतून वीज वाहू लागे. पुढे 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते त्याच पदार्थावर, उजेड पाडून पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करून दाखवले. 1973 साली तेल महागले आणि जगाला सूर्य आठवला.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार, प्रा. सी. डी. लोखंडे यांनी या विषयावर काम केले. त्यांची एक रीत मला फार आवडते. कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांच्या द्रावणात काचपट्टी बुडवून ठेवायची. हळूहळू तिच्यावर हळदीसारखा पिवळा पातळ थर बसतो. महागडे यंत्र लागत नाही, चंचुपात्र पुरते. हा थर द्रवात ठेवून त्यावर ऊन पाडले की वीज मिळते. अडचण एकच: उजेडात तो थर स्वतःच झिजतो, आणि पृष्ठभागावर काही चिकटले की वीज बदलते.

सौरघटासाठी हा हळवेपणा दोषच. पण रोग शोधणाऱ्यांनी नेमका तोच दोष उचलला. थरावर विशिष्ट प्रथिनालाच धरणारी प्रतिपिंडे बसवायची आणि वर रक्तद्रवाचा थेंब टाकायचा. ते प्रथिन असले तर चिकटते, थर आणि द्रव यांच्यातली वाट अडते, वीज घटते. किती घटली यावरून प्रमाण कळते. आत जातो उजेड आणि बाहेर येते वीज. दोन्हींची जात वेगळी, म्हणून गोंगाट कमी आणि अगदी बारीक खूणही ऐकू येते. मधुमेहाच्या पट्टीचे मूळ 1962 साली क्लार्क आणि लायन्स यांनी मांडलेल्या कल्पनेत आहे, पण रक्तात साखर भरपूर असते. ट्रोपोनिन असते नावापुरते.

प्रयोगशाळेत या रीतीने ट्रोपोनिन मोजून झाले आहे, प्रोस्टेटच्या कर्करोगाची खूणही. दवाखान्याच्या टेबलापर्यंत मात्र ही रीत अजून फारशी आलेली नाही. खऱ्या रक्तात नको ती प्रथिनेही थराला चिकटतात, आणि थराचे झिजणे पुरते थांबलेले नाही. कॅडमियम विषारी, म्हणून दुसरे पदार्थ शोधावे लागतात. दरम्यान उजेडाशिवाय चालणाऱ्या ट्रोपोनिनच्या झटपट पट्ट्या बाजारात आल्या. 2004 साली आमच्यापर्यंत त्याही पोचल्या नव्हत्या.

अब्बांचा रिपोर्ट अजून माझ्या ट्रंकेत आहे. रक्त घेतल्याची वेळ त्यावर लिहिलेली आहे, निकालाची नाही.