भर, वाक्यरचनेतील (इंग्रजी, मराठी व मालवणी)

वाक्यातला नेमका कोणता भाग महत्त्वाचा, हे ऐकणाऱ्याला वा वाचणाऱ्याला कळावे म्हणून शब्दांचा क्रम, वाक्याचा साचा किंवा एखादे अव्यय यांचा केलेला उपयोग. बोलताना आवाज चढवून काम भागते. कागदावर आवाज नसतो, तिथे रचनेलाच ते करावे लागते. इंग्रजी आणि मराठी हे काम अगदी वेगवेगळ्या वाटांनी करतात, आणि मराठी माणसाचे इंग्रजी व इंग्रजीवरून उतरवलेले मराठी दोन्ही बऱ्याचदा इथेच अडखळते.

नमुन्याला मालवण तालुक्यातल्या मसुरे गावचे वाक्य घेता येईल. गड नदीकाठच्या या गावात भरतगड किल्ला आहे आणि आंगणेवाडी ही याच गावची वाडी. तिथल्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगातल्या तिथीला बांधलेली नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ती ठरते. म्हणजे ‘देवी तारीख ठरवते.’ हे झाले साधे विधान. ‘पंचांग नव्हे, देवी’ असे ठसवायचे असेल तर मराठी माणूस शब्दांची फक्त जागा बदलतो : ‘तारीख देवी ठरवते.’ क्रियापदाला लगटून येणारी, त्याच्या आधीची जागा ही मराठीतली वजनाची जागा. जे आधीच ठाऊक आहे ते पुढे, नवे किंवा ठासून सांगायचे ते क्रियापदाजवळ. आणखी जोर हवा तर ‘तारीख देवीच ठरवते’, आणि वाक्य दुभंगून ‘तारीख ठरवते ती देवी’.

इंग्रजीला ही मोकळीक नाही. तिथे कर्ता कोण आणि कर्म कोण हे मुख्यतः क्रमावरून कळते. ‘द गॉडेस डिसाइड्स द डेट’ यातली दोन नामे उलटी केली, तर तारीख देवीला ठरवू लागेल. म्हणून इंग्रजीने साचे घडवले. ‘इट इज द गॉडेस हू डिसाइड्स द डेट’ हा त्यांतला सर्वांत ओळखीचा. ओट्टो येस्पर्सन या डॅनिश वैयाकरणाने १९३७ साली त्याला ‘क्लेफ्ट’, म्हणजे दुभंगलेले वाक्य, म्हटले आणि ते नाव टिकले. दुसरा उपाय कर्मणी प्रयोग : ‘द डेट इज डिसाइडेड बाय द गॉडेस’. यात देवी वाक्याच्या शेवटी जाते, आणि इंग्रजीत वजन शेवटाला असते. विल्यम स्ट्रंकने १९१८च्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये महत्त्वाचा शब्द शेवटी ठेवा असा नियमच घातला होता. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या १९८५च्या बृहद्व्याकरणात याच प्रवृत्तीला ‘एंड-फोकस’ म्हटले आहे. ज्ञात आधी, नवे नंतर या मांडणीचा पद्धतशीर विचार त्याआधी प्राग येथे व्हिलेम मॅथेसियस याने केला होता. नकारार्थी शब्द पुढे आणून साहाय्यक क्रियापद उलटवणे (‘नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड’) ही आणखी एक रीत, पण ती लेखी आणि थोडी नाटकी. मराठीत ‘इतकी गर्दी पाहिलीच नाही’ एवढ्यात ते होते.

स्ट्रंकचा नियम जसाच्या तसा मराठीला लावता येत नाही. मराठी वाक्याचा शेवट बहुधा क्रियापदाने होतो आणि अनेकदा ते नुसते ‘आहे’ असते. मात्र क्रियापद गळाले की दोन्ही भाषा एका जागी येतात : ‘आंगणेवाडीची जत्रा अमुक तारखेला’ या बातमीच्या मथळ्यात तारीख आपोआप शेवटी पडते. उलट भावनेच्या भरात क्रियापदच पुढे उडी घेते, ‘आला बाबा एकदाचा पाऊस!’

मराठीचे खरे हत्यार ‘च’. ‘मीच काल मालवणला गेलो’, ‘मी कालच मालवणला गेलो’, ‘मी काल मालवणलाच गेलो’, ‘मी काल मालवणला गेलोच’ : एका अक्षराच्या सरकण्याने चार वाक्ये. इंग्रजीत पहिल्या तिघांसाठी दुभंगवाक्य चालते. चौथ्याला चालत नाही, कारण त्या साच्यात वाक्याचे मुख्य क्रियापद बसत नाही. तिथे ‘आय डिड गो’ असे मदतीचे क्रियापद उभे करावे लागते. शालेय व्याकरणात ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ ही शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणून येतात. ती सामान्यरूप न होता चिकटतात एवढेच त्यातून कळते, ती वाक्याचे काय करतात हे नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) आणि मोरो केशव दामले (१९११) यांनी घातलेल्या पायावर शब्दांच्या जातींचे वर्गीकरण भक्कम उभे राहिले. शाळेतले वाक्यपृथक्करण मात्र उद्देश्य-विधेयापाशी थांबते, भर कुठे आहे हे विचारतच नाही.

मालवणीतही ‘च’ आहे (‘मालवणाकच’, ‘थंयच’). शिवाय क्रियापदामागोमाग ‘मा’ येतो : ‘सांगलंय मा तुका!’ यात सांगितल्याची आठवण आणि थोडा दटावणीचा सूर एकदम येतो. पण रचनेचे वैभव पाहायचे तर देवापुढचे गाऱ्हाणे ऐकावे. आधी देवाला हाक, मग ‘जां काय लेकरान श्रीफळ ठेवल्यान असा, तां मान्य करून घे’ अशा धर्तीची जोडवाक्ये. जां–तां, जी–ती, जो–तो ही जोडी इथे काम करते. पहिला अर्धा भाग गोष्ट समोर मांडतो आणि ताणून धरतो, आज्ञार्थी क्रियापद थेट शेवटी येते. मागणे जितके मोठे, तितके क्रियापद लांबणीवर. प्रत्येक खंडाला जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि वाक्य कुठे पुरे झाले याचा शिक्का बसतो. इंग्रजी वक्तृत्वशास्त्रात अर्थ शेवटपर्यंत अडवून ठेवणाऱ्या वाक्याला ‘पीरियॉडिक सेंटेन्स’ म्हणतात. ते वर्गात शिकवले जाते, गाऱ्हाणे घालणारा ते देवळात ऐकून शिकतो.

भाषांतरात गोंधळ दोन्हीकडून होतो. इंग्रजी कर्मणी प्रयोग उतरवताना ‘देवीकडून तारीख ठरवली जाते’ असे सरकारी परिपत्रकी मराठी जन्माला येते. ‘तारीख देवी ठरवते’ हा क्रम हाताशी असताना त्या ‘कडून’ची मुळीच गरज नसते. उलट दिशेला ‘च’चे ‘ओन्ली’ होते आणि ‘आय केम यस्टर्डे ओन्ली’ असे, हिंदी भाषकांच्याही तोंडी असलेले, वाक्य तयार होते. पण ‘च’ दरवेळी ‘फक्त’ म्हणत नाही. ‘मी कालच आलो’ म्हणजे येऊन फार वेळ झाला नाही, तिथे ‘आय केम ओन्ली यस्टर्डे’ अशी जागा बदलली तरी पुरते. ‘येतोच’ म्हणणारा लगेच येण्याची हमी देतो. ‘तो आलाच’ यात नको असताना आल्याची चीड असू शकते, आणि तिच्यासाठी इंग्रजीत ‘ही केम एनीवे’ असा वेगळाच शब्द शोधावा लागतो.