रकाना कोरा सोडायचा नाही

तलाठ्याच्या दप्तरात कोरी जागा ठेवायची नसते. मी बदलापूरच्या बाजूला नोकरीला लागलो तेव्हा सगळं दप्तर हाती लिहिलेलं होतं. मंडळ अधिकारी तपासणीला बसले की भरलेल्या पानांवरून त्यांचं बोट भराभर पुढे सरके आणि रिकाम्या रकान्यावर थांबे. "इथे काय?" काही नसेल तर तसं लिहायचं: निरंक. खाली सही आणि तारीख. गाव नमुना तीन हा दुमाला, म्हणजे इनाम जमिनींचा. गावात इनामाचा एक गुंठाही नसला तरी तो नमुना निरंक लिहूनच दप्तरात राहायचा.

माझी पुतणी मोबाइलची ॲप्स तयार करते. यादीत एकही नोंद नसेल तेव्हा पडद्यावर काय दाखवायचं, हा त्यांच्या कामातला मोठा प्रश्न आहे असं ती सांगते. "काका, पडदा नुसता पांढरा राहिला की माणूस गोंधळतो. नोंदच नाही, की नेट गेलंय, की ॲप बिघडलंय?" हा प्रश्न मला नवा वाटला नाही. महसूल खात्याने तो कागदावर पिढ्यान् पिढ्या सोडवत आणलाय, आणि त्याचा इतिहास लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

कोऱ्या जागेची भीती इंग्रजांच्याही आधीची आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब असे. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसवली तर ती खोटी, एवढं सांगण्यासाठी तो शिक्का. पुढे १८३६ च्या सुमारास इंदापुरातून मुंबई इलाख्याची मोजणी सुरू झाली, १८७९ मध्ये जमीन महसूल संहिता आली, १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला. अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावनमुने बांधून दिले. खात्यात त्याचं पुस्तक नुसतं 'अँडरसन' म्हणूनच ओळखतात. नमुना सात हा हक्कांचा, बारा हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि सातबारा झाला.

या बाराव्या नमुन्यात रिकाम्या रकान्याची खरी किंमत कळते. पीकपाहणीला बांधावर जायचं, काय उभं आहे ते बघायचं. आमच्याकडे भातजमिनीत पावसाळ्यात भात आणि नंतर वाल. वरकस जमिनीत नाचणी, वरी, नाहीतर गवत. काहीच लावलेलं नसेल तर 'पड' लिहायचं. पड ही रीतसर नोंद आहे. तलाठी आला, त्याने पाहिलं आणि शेत रिकामं होतं, हे त्या दोन अक्षरांत येतं. कोऱ्या रकान्यात यातलं काहीच येत नाही. बारवीच्या बाजूच्या एका वाडीत एका म्हातारीने मला बांधावरच अडवलं होतं. घरात आजारपण, म्हणून त्या वर्षी तिचं भात लागलं नव्हतं. "आप्पा, भात नाय लावला म्हनून शेत माजं नाय काय? लिव काय ता." मी पड लिहिलं, तिला वाचून दाखवलं, मग तिने वाट सोडली.

तिचा आग्रह कुठून आला होता ते मला ठाऊक होतं. कुळकायदा १९४८ चा. त्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मग प्रश्न आला, कसत कोण होतं? उत्तर पीकपाहणीत शोधायचं. ज्याचं नाव तिथे होतं त्याच्या हातात पुरावा होता. ज्याचा रकाना रिकामा होता, त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी गोळा करत मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. ठाणे जिल्ह्यातल्या ठाकूर-कातकऱ्यांना, लिहितावाचता न येणाऱ्या कुळांना हे सर्वांत जड गेलं. हक्कनोंदीतला मजकूर उलट सिद्ध होईपर्यंत खरा मानायचा, असं १९६६ ची संहिताही सांगते. जे लिहिलंच नाही त्याला हा आधार मिळत नाही.

फेरफाराची पद्धतही मला आवडत आलेली आहे. जमीन विकली, वारस लागला, की नोंद धरायची, नोटीस काढायची आणि पंधरा दिवस थांबायचं. कोणी आलंच नाही तर? तेही लिहायचं: 'नोटीस बजावली. मुदतीत हरकत नाही. नोंद प्रमाणित.' हरकतीच्या रिकाम्या यादीला इतका नेमका मजकूर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. विचारलं होतं, वाट पाहिली, कोणी बोललं नाही, हे सगळं त्यात येतं.

सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचं रूप बदललं तेव्हा संगणकाच्या छापील उताऱ्यातही ही शिस्त उतरलेली पाहून मला समाधान वाटलं. प्रलंबित फेरफार नसेल तर आता तसं स्पष्ट छापून येतं. जमीन अकृषिक झाली असेल तर उताऱ्याच्या शेवटी सूचना येते, की या क्षेत्रासाठी नमुना बाराची आवश्यकता नाही. कात्रप, बेलवली, मांजर्ली, शिरगाव इथल्या भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या उताऱ्यावर पीक का नाही, याचा खुलासा त्या एका वाक्यात होतो. वाचताना मन जड होतं, पण वाक्य हवंच.

उल्हासनगरची गोष्ट उलटी आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिथे नव्या नगराची पायाभरणी केली. बराकींत माणसं खच्चून भरलेली; आजही तिथला पत्ता कॅम्प, सेक्शन आणि बराक नंबरने सांगतात. जमीन सरकारची, आणि ज्याला ती मिळाली त्याच्याकडे सनद. पण पुष्कळ घरांच्या बाबतीत घर उभं, माणसं तीन पिढ्या राहिलेली आणि सनदेची जागा रिकामी. बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये एकट्या उल्हासनगरसाठी वेगळा कायदा करावा लागला. कागद कोरा राहिला म्हणजे जमिनीवर काही नव्हतं, असं कोणी म्हणू लागलं की मी त्याला उल्हासनगर दाखवतो.

आता पाहणी शेतकऱ्याच्याच हाती आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीचं ॲप आलं. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटो काढतो आणि पीक भरतो. त्यात चालू पड, कायम पड नोंदवायची सोय ठेवली आहे, हे मला फार योग्य वाटतं. गावच्या खातेदारांच्या यादीत ज्याने नोंद केली त्याचं नाव हिरवं दिसतं. माझी तक्रार उरलेल्या नावांबद्दल आहे. त्यांत कोणाकडे फोन नाही, कोणाच्या शिवारात नेटवर्क नाही, कोणाला असं काही करायचं असतं हेच माहीत नाही. यादीत ती सगळी सारखीच दिसतात आणि त्यांच्या बाराव्या नमुन्यात पिकाची जागा कोरी राहू शकते. पुढे उल्हास नदीचं पाणी शेतात शिरलं, भात गेलं, भरपाईची यादी निघाली, की याच जागेकडे बोट दाखवलं जातं.

पुतणीने मला विचारलं, "काका, तुम्ही असता तर तिथे काय छापलं असतं?" मी तिला वाक्य लिहून दिलं: 'या हंगामात पाहणी झालेली नाही. पीक नव्हते असे समजू नये.' त्याखाली तारीख, आणि पाहणी कोणी करून द्यायची त्याचं नाव. ती म्हणाली, पडद्यावर एवढं मोठं वाक्य बसणार नाही. मी म्हटलं, अक्षर बारीक कर, पण दुसरं वाक्य गाळू नकोस.