मीठ, आगबोटीचे बटाटे आणि बेळगावची भाजी

आमच्या कार्यालयात कुणी शनिवार-रविवारी बेळगावला जाऊन आला, की सोमवारी चहाच्या वेळी विषय एकच. कोथिंबिरीची जुडी तिथे केवढ्याला आणि इथे केवढ्याला! मग कुणीतरी हिशेब मांडतो, पेट्रोल धरून परवडलं की नाही. (बहुतेक वेळा परवडलेलं नसतं, पण कबूल कोण करणार?) घाटावरच्या माणसाला आपण उठसूट 'घाटी' म्हणतो आणि संध्याकाळी त्यानेच पिकवलेली भेंडी घ्यायला फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यासमोर पिशवी घेऊन उभे राहतो. तिथे सरकार सवलत देतं म्हणून बाजारापेक्षा स्वस्त, एवढंच. भाजी बहुतेक बेळगावचीच.

हे परावलंबन आजचं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांची राजधानी कानडा किनाऱ्यावरच्या तांदळावर जगत होती. बसरूर, होन्नावर, मंगळूर इथून गलबतं भरून तांदूळ यायचा. तिकडच्या राजांशी बिनसलं की इथल्या चुलीला झळ. घाटातून लमाण्यांचे बैल धान्य घेऊन उतरायचे आणि मीठ, नारळ घेऊन परत चढायचे. म्हणजे आपल्याकडे विकायला मुबलक होतं ते मीठ. पेडण्यातल्या आगरवाड्याचं नावच बघा.

आणि नेमकं हेच मीठ एकदा गोव्यात महाग झालं. ती हकीकत शाळेत आम्हाला कुणी सांगितली नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

२६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. तो १८८० च्या जानेवारीत अमलात आला. मुरगावचं बंदर आणि तिथून घाटाकडे जाणारी रेल्वे हवी म्हणून पोर्तुगीजांनी बरंच काही देऊन टाकलं. दोन्ही मुलखांमधली जकात उठली, हे वाचायला छान वाटतं. पण गोव्यातलं स्वस्त मीठ बिनकराचं ब्रिटिश मुलखात शिरू नये, म्हणून मिठाचा सगळा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता, १८८२ साली मणामागे दोन रुपये. त्याच चालीचा कर इथल्या आगरात पिकणाऱ्या मिठावर बसला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. लहान आगरं बंद पडली.

मीठ महाग होणं म्हणजे काय, हे गोंयकाराला निराळं समजावून सांगायला नको. पेजेसोबत तोंडी लावायला खारं, पावसाळ्यासाठी सुकी मासळी, मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या. शिवाय माडाच्या मुळाशीसुद्धा आपण मीठ घालतो. म्हणजे कर नुसता चिमटीवर नव्हता; मासळीवर होता, नारळावर होता. चार लाख रुपये पणजीच्या तिजोरीत गेले, बांगडे खारवणाऱ्या बाईच्या टोपलीत त्यातली दमडीही आली नाही. तह १८९२ च्या जानेवारीत संपला. आगगाडी तेवढी राहिली; १८८८ मध्ये ती कॅसलरॉकपाशी ब्रिटिश लोहमार्गाला जोडली गेली होती. घाटावरचा माल उतरायला बैलांपेक्षा सोपी वाट झाली, हेही खरंच.

तीच वाट १९५५ मध्ये बंद झाली. १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर भारत सरकारने आर्थिक कोंडी पुरती आवळली. रेल्वे थांबली, सीमेवरची ये-जा थांबली. सालाझार काही नमला नाही. त्याने समुद्राकडून माल आणवला: हॉलंडहून बटाटे, सिलोनहून चहा, पाकिस्तानातून तांदूळ आणि भाजीपाला. जपान आणि पश्चिम जर्मनीला लोहखनिज जात होतं, त्यामुळे पैसा खेळत होता. शहरातल्या दुकानांत परदेशी वस्तूंची रेलचेल असल्याच्या आठवणी जुनी मंडळी अजून रंगवून सांगतात. पण या आठवणी कुणाच्या, हे विचारावं लागतं.

माझी आजी डिचोलीची. तिच्या माहेरची माणसं बारीकसारीक बाजाराला दोडामार्गला जायची. तो रस्ता बंद झाला, आणि मग रात्री-अपरात्री रानातल्या वाटेने जे येईल त्याला येईल तो भाव. ती हॉलंडच्या बटाट्यांना 'आगबोटीचे बटाट' म्हणायची आणि लगेच पुढे, "रूच ना तांकां!" कोंडी आपल्याच भल्यासाठी आहे, हे घरातल्या पुरुषांना पटलेलं होतं. आजीचा त्याला विरोध नव्हता. ती फक्त पेजेत पाणी वाढवायची. पन्नाशीच्या शेवटी रुपयाच्या जागी एस्कुद आला, एका रुपयाला सहा, तेव्हा पसरकाराकडचा हिशेब तिला बोटांवर पुन्हा शिकावा लागला. तीनेक वर्षांत गोवा मुक्त झाला आणि परत रुपया! मुक्तिलढ्याच्या इतिहासात कोंडीला दोन-चार ओळी मिळतात. त्या सहा वर्षांत स्वयंपाकघर कसं चाललं, हे लिहून ठेवावं असं फारसं कुणाला वाटलेलं दिसत नाही. सांगू शकणाऱ्या बायका तर एकेक करून निघून चालल्यात.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीचे पहिले काही दिवस किराणा दुकानंही बंद होती आणि भाजीच्या गाड्या सीमेवर अडकल्या होत्या, तेव्हा आईने न बोलता माळ्यावरची बरणी खाली काढली. सुके बांगडे, कुळीथ, सोलं. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायची ती 'पुरुमेंत'. शब्द पोर्तुगीज 'प्रोविमेंतु'वरून आला, पण सवय त्याच्याही आधीची असणार. मी तिला दरवर्षी म्हणायचो, आता चोर्ला घाटातून रोज भाजी येते, कशाला एवढं भरून ठेवतेस? त्या आठवड्यात काही म्हणालो नाही.

यंदाही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिने आगरातलं जाडं मीठ आणवलं. पिशवीतलं बारीक मीठ कैऱ्यांना चालत नाही म्हणते. भावावरून मी थोडी घासाघीस केली, तर विकणारी बाई माझ्याकडे बघून हसली आणि वर मूठभर जास्त घातलं.