आधी वेलांटी की आधी अक्षर?

2006 च्या पावसाळ्यात सांगलीच्या आमच्या टायपिंग क्लासात एक हेडक्लार्क शिकायला आले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. उभी नोकरी त्यांनी मराठी टायपरायटरवर काढली होती. त्यांचा हात असा चालायचा की शेजारच्या मशीनवरची मुलं थांबून बघायची. आता कचेरीत संगणक आले होते आणि त्यांच्यासोबत इनस्क्रिप्ट नावाचा नवा कळफलक. मी त्यांना 'किती' हा शब्द टाइप करायला सांगितला. त्यांनी सवयीनं आधी वेलांटी दाबली. पडद्यावर तुटक ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ उमटलं, त्याला डावीकडून वेलांटी चिकटलेली. मग 'क' आला तो बाजूला सुटा उभा राहिला. त्यांनी खोडलं, पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच वर्तुळ. "बाई, माझं काय चुकतंय?" असं त्यांनी विचारलं, आणि त्या प्रश्नानं मी आजही अस्वस्थ होते. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

टायपरायटर हे डोळ्यानं चालणारं यंत्र. कागदावर जे डावीकडे दिसतं ते आधी, उजवीकडचं नंतर. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून ती आधी ठोकायची. 'धर्म' लिहायचा तर 'ध' झाला, 'म' झाला, आणि त्याच्या डोक्यावर रफार सगळ्यात शेवटी. उच्चारात 'र' मधे येतो याच्याशी मशीनला देणंघेणं नाही. कळा मोजक्या आणि आपली अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं भरमसाट. म्हणून भ, थ, ध अशा अक्षरांची फक्त अर्धी रूपं कळांवर बसवलेली असत. अर्धा 'भ' ठोकायचा, मग काना ठोकायचा, की पूर्ण 'भ' होतो. काही कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. त्या डेड की. खालचे उकार, वरच्या मात्रा त्यांच्यावर.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार मशीनवर क्लास सुरू केला होता, दोन रेमिंग्टन आणि दोन गोदरेज. गोदरेजनं मुंबईत 1955 मध्ये टायपरायटर बनवायला सुरुवात केली, तो भारतात बनलेला पहिला टायपरायटर, हे आप्पा प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे आणि सांगताना मशीनवर हात ठेवायचे. परीक्षा मिनिटाला तीस शब्दांची आणि चाळीस शब्दांची. त्या तीस शब्दांच्या सर्टिफिकेटवर कित्येक घरांत पहिला पगार आला. मुली जास्त यायच्या. बोटांना पट्ट्या बांधून सराव करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, कारण करंगळीनं जोरात ठोका बसला नाही तर काना पुसट उठायचा आणि 'भ' अर्धाच राहायचा. इतकी वर्षं आम्ही माणसाला यंत्रासाठी तयार केलं. ते काम आम्ही चांगलं केलं, पण काम ते होतं.

आणि हे टायपरायटरपासून सुरू झालेलं नव्हतं. छापखान्यातल्या जुळाऱ्यापुढे देवनागरीचे खिळे शेकड्यांनी असत. इंग्रजीचा जुळारी दोन पेट्यांत भागवायचा, आपला माणूस भिंतभर खणांपुढे येरझाऱ्या घालायचा. त्यामुळे लिपीच बदलावी असं मोठमोठ्यांना वाटत गेलं. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायचा उद्योग केला. सावरकरांच्या लिपिशुद्धीत इ, ई, उ, ऊ ही स्वराक्षरं जाऊन अि, अी, अु, अू आली. 'अ'चीच बाराखडी. 1953 मध्ये लखनौच्या लिपिसुधारणा परिषदेत तर ह्रस्व वेलांटी उजवीकडे घ्यावी असं ठरलं. लोकांना ते रुचलं नाही आणि पुढे ते सोडून द्यावं लागलं. या सगळ्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पण यंत्राला जमत नाही म्हणून लिपी कापायची, ही दिशाच मला पटत नाही. हजार वर्षांची सवय एका लोखंडी सांगाड्यासाठी का मोडायची?

म्हणूनच इनस्क्रिप्ट मी पहिल्यांदा नीट समजून घेतला तेव्हा मला भरून आलं होतं. तो 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं प्रमाण ठरवला. त्यामागचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं होतं, आणि 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिल्यावर जिस्ट या नावानं तिथे वाढलं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. जिस्टचं कार्ड संगणकात बसवलं की इंग्रजीसाठी बनलेल्या पडद्यावर मराठी उमटायचं.

कळफलकाची रचना बघा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत ह्रस्व वेलांटी, तिच्या बरोबर वरच्या कळेवर दीर्घ. ह्रस्व उकाराच्या वर दीर्घ उकार, एका मात्रेच्या वर दोन मात्रा. उजवीकडे 'क', त्याच कळेवर शिफ्ट धरली की 'ख'. त्याच्या वरच्या कळेवर 'ग', शिफ्टला 'घ'. शेजारी 'त-थ', वर 'द-ध'. मग 'च-छ' आणि 'ज-झ', मग 'ट-ठ' आणि 'ड-ढ'. शाळेत पाटीवर गिरवलेले वर्ग इथे हाताखाली येतात. एकदा मराठी शिकलं की तमिळचा किंवा बंगालीचा 'क'सुद्धा त्याच कळेवर सापडतो.

आणि क्रम तोंडाचा. आपण बाराखडी म्हणताना काय म्हणतो? कला काना का, कला पहिली वेलांटी कि. आधी 'क', मग वेलांटी. इनस्क्रिप्टही तेच मागतो. 'धर्म'साठी ध, र, हलन्ताची खूण, म. रफार आपोआप जाऊन डोक्यावर बसतो. जोडाक्षर कसं दिसावं याची चिंता यंत्रानं करायची, माणसानं फक्त उच्चार सांगायचा. आपल्या भाषेचं व्याकरण ज्यांनी ध्वनींवर रचलं त्यांच्या विचाराशी इतकं इमान राखणारी वस्तू संगणकाच्या जगात मी दुसरी पाहिलेली नाही.

तरीही ती बनवताना एका माणसाला विचारलं गेलं नव्हतं असं मला वाटतं, आणि तो म्हणजे रोज मराठी टाइप करणारा माणूस. 'आणि' हा शब्द घ्या. मराठीत त्याच्यावाचून पान हलत नाही. इनस्क्रिप्टवर 'आ'ला शिफ्ट लागते, 'ण'ला शिफ्ट लागते, उरते फक्त वेलांटी. तीन ठोक्यांत दोन वेळा शिफ्ट. 'ळ'सुद्धा शिफ्टवर, 'ल'च्या मागे. बाळ, वेळ, काळ, सकाळ, संध्याकाळ, सगळं शिफ्ट धरून. सगळ्या लिप्यांना एकच कळफलक द्यायचा म्हटल्यावर कुणाच्या तरी वाट्याला हे येणारच, हे मला कळतं. पण दिवसाला तीस पानं काढणाऱ्या मुलीच्या करंगळीला ते संध्याकाळी जाणवतं.

हेडक्लार्कांची गोष्ट इथे पूर्ण करते. संगणक अक्षरं कोणत्या क्रमानं साठवतो आणि माणूस कोणत्या क्रमानं कळा दाबतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत उच्चाराचा क्रम ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. माणसानं आधी वेलांटी दाबली तर ती क्षणभर हातात धरून अक्षर आल्यावर त्याच्या मागे ठेवणं, हे काम यंत्राला सहज जमतं. काही पॅकेजांत तशी सोय होतीच: टायपरायटर, इनस्क्रिप्ट, फोनेटिक असे पर्याय मेनूत असायचे. मी त्यांना टायपरायटरचा पर्याय लावून दिला. पहिल्या परिच्छेदाला ते दबकत होते, दुसऱ्याला त्यांची पाठ सरळ झाली. त्यांच्या कचेरीत आठवडे गेले, पण मेनूतला तो पर्याय त्यांना कुणी दाखवला नव्हता.

त्या काळात फॉन्टांनीही छळलं. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, कृतिदेव, प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. या फॉन्टांत संगणकाला मराठी येतच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, इतकंच. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ई-जे-के-बी-एच असा उघडायचा. आमच्या एका विद्यार्थिनीनं रात्रभर बसून टाइप केलेला चाळीस पानी अहवाल एका कचेरीनं "वाचता येत नाही" म्हणून परत पाठवला होता. फॉन्ट वेगळा होता. आम्ही दोघींनी तो दुसऱ्या पॅकेजात पुन्हा पहिल्यापासून काढला.

यावर उत्तर आलं ते युनिकोडचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं. त्याची पहिली आवृत्ती 1991 ची, देवनागरीची मांडणी भारतीय प्रमाणावर, इस्कीवर आधारलेली. पण आमच्या टेबलापर्यंत ते यायला विंडोज 2000 उजाडलं. त्यासोबत मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला आर. के. जोशी यांनी. पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारा, सुलेखनात आयुष्य घालवलेला हा मराठी माणूस. जगभर कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पहिली देवनागरी पाहिली ती त्यांच्या हातची.

तरी मराठीच्या म्हणून ज्या गरजा होत्या त्या एकेक करून मागून घ्याव्या लागल्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, एक समुद्र आणि एक डोंगरातल्या खोलगट जागा. तो आडवा 'र' हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीवरून बेतलेल्या कितीतरी साधनांत तो नसायचाच, किंवा असला तरी सापडायचा नाही. इनस्क्रिप्टवर तो 'र'च्याच कळेवर शिफ्ट धरून येतो, हे मी प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात शिकवायचे. 'ॲ'चीही तीच कथा. हिंदीत 'ए'वर चंद्र देतात, आपण 'अ'वर देतो. आपल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत. तोवर 'ॲसिड' आणि 'ॲडव्होकेट' लिहिताना मुलं 'अ'ला वेगळा चंद्र जोडायची, आणि तो कधी जागेवर बसायचा, कधी ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसायचा. ज्या राज्यात प्रत्येक कोर्टाबाहेर ॲडव्होकेटच्या पाट्या आहेत तिथे हे अक्षर यायला इतका उशीर का लागावा?

मग मोबाइल आले आणि क्लासात न आलेली माणसं लिहू लागली. बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात आणि यंत्र ते देवनागरीत फिरवून देतं. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण 'ण'साठी मोठा एन आणि 'ळ'साठी मोठा एल आठवावा लागतो, म्हणजे आपल्या अक्षरापर्यंत इंग्रजीच्या दारातून जायचं. ज्याला इंग्रजी येत नाही तो बाहेरच.

त्या बाहेरच्या माणसाचा विचार करणारं काम पवईच्या आयआयटीतच, तिथल्या आयडीसी या संकल्पनाशाळेत चाललेलं होतं. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 च्या सुमारास की-लेख नावाचा कळफलक केला. त्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली. नमुना करायचा, लोकांना वापरायला द्यायचा, ते कुठे अडतात ते बघायचं आणि पुन्हा दुरुस्त करायचं, अशी त्यांची पद्धत. टायपिंग न आलेल्या माणसाला शेजारी बसवून त्याच्या बोटांकडे बघत राहणं हे आम्ही क्लासवाले जन्मभर करत आलो, पण आम्ही त्याचं बोट सुधारत होतो. हे लोक कळा सुधारत होते. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि कळल्यावर जुन्या बॅचच्या कित्येक मुलींची आठवण झाली.

त्याच गटानं 2013 मध्ये अँड्रॉइड फोनसाठी स्वरचक्र आणलं. व्यंजनं वर्णमालेप्रमाणे ओळीनं. एखाद्या अक्षरावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उघडतं आणि त्यात त्याची बाराखडी दिसते: का, कि, की, कु. हवं तिकडे बोट सरकवायचं. वेलांटी आधी की अक्षर आधी हा प्रश्नच उरत नाही, कारण आख्खी 'कि' समोर तयार असते.

मी ते आईच्या फोनवर टाकून दिलं. आई चौथीपर्यंत शिकलेली. घरात चार टायपरायटर असून तिनं कधी एका कळेला हात लावला नव्हता, ते शिकलेल्यांचं काम असं ती म्हणायची. तिनं 'ब'वर बोट ठेवलं, चक्र उघडलं आणि ती मोठ्यानं बाराखडी म्हणू लागली. 'बा' सापडला. मग 'य, र, ल, व' म्हणत, एकेका अक्षरावर बोट टेकत ती पुढे गेली आणि 'ळ'पाशी थांबली. 'बाळ' झाला. माझ्या मुलीला, पुण्याला, तिनं तो एकच शब्द पाठवला. मग फोन मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघत बसली.