हायमास्ट, रात्रीचं दारं धरणं आणि पाटणचं पळीभर तेल

आज जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात एका चौकात हायमास्ट लागला. नारळ फुटला, फोटो झाले, आणि "परिसर उजळला" असा मथळा देऊन ती बातमी मीच लावली. वीस-बावीस वर्षांत असे मथळे मी किती दिले असतील याचा हिशेब नाही. खोटं काही नव्हतं त्यात. परिसर खरंच उजळला. आमच्या माळवदावर आता रात्री पेपर वाचता येतो.

नंतर डिसेंबरात चुलतभावाचा फोन आला. "दादा, या आठवड्यात रात्रीची लाईट हाय, गव्हाला पाणी द्यायचंय, गडी आला नाही, येतो का?" गेलो. वावर गावापासून चार-पाच किलोमीटरवर, नाथसागराच्या बाजूला. भाऊ मोटरीपाशी, मी आणि त्याचा आठवीतला पोरगा दारं धरायला. दोनच्या सुमारास पोरगा म्हणाला, "काका, काहीतरी पडलं." मग अजून एक पडलं. मग दोन एकदम. मिथुन राशीतला उल्कावर्षाव होता तो, दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या आसपास असतो. पुनर्वसूचे दोन तारे बरोबर डोक्यावर होते आणि तिथूनच रेघा ओढल्यासारख्या चहूकडं उल्का सुटत होत्या. तासाभरात चाळीसेक मोजल्या. तोवर एका सरीचं पाणी फुटून शेजारच्या हरभऱ्यात गेलं, त्यावरून दोघांनीही शिव्या खाल्ल्या. (बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या मागं राहिलेल्या धुळीचे असतात. हा मात्र फेथॉन नावाच्या एका लघुग्रहाचा, जो १९८३ साली सापडला.)

पोरग्यानं परत येताना विचारलं, "हे आपल्या घरून का दिसत नाही?" त्याचं उत्तर शोधता शोधता हे लिहिणं झालं.

आधी दिशेचं सांगतो. बिडकीन साधारण पावणेवीस अक्षांशावर आहे. म्हणजे ध्रुवतारा आपल्याला उत्तर क्षितिजापासून फक्त वीसेक अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरा, अशा दोन मुठी. आणि आपल्या उत्तरेला काय आहे? छत्रपती संभाजीनगर. शहराचा, चितेगावकडचा, वाळूजकडचा, सगळा उजेड बरोबर त्याच दोन मुठींत भरलेला. ध्रुव अजून दिसतो, पण शोधावा लागतो. दक्षिणेला जायकवाडीचं पाणी असल्यानं तिकडचं आकाश अजून काळं आहे. हिवाळ्यात रात्री तिकडं खाली एकटाच टपोरा अगस्ती दिसतो. १९७६ साली धरणाचं लोकार्पण झालं, गावंच्या गावं पाण्याखाली गेली, लोक उठून आले. त्या पाण्यावर अजून दिवे लागलेले नाहीत म्हणून आपल्याला अगस्ती दिसतो, हे लिहितानाही कसंतरी वाटतं.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. सप्तर्षीला ती "बाजलं" म्हणायची. चार तारे म्हणजे बाजेचे खूर आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरून न्यायला आलेले चोर. मला वाटायचं, हे तिनं मनानंच रचलं. पुढं वाचनात आलं की टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांत जाऊन ताऱ्यांची नावं गोळा केली, २०१३ साली ती छापली, आणि त्यातही हीच खाट, हेच चोर. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना आजी "तिकांडं" म्हणायची. हा शब्द तर दीडशे वर्षांपूर्वीच्या मोल्सवर्थच्या कोशातही आहे. घड्याळ नसलेल्या घरात तिकांडं कुठं आलं यावरून रात्र किती उरली ते कळायचं, आणि शुक्राची चांदणी वर आली की जातं सुरू व्हायचं. आकाशदर्शन वगैरे शब्द तिला माहीत नव्हता. उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकलं की ते आपोआपच व्हायचं.

एक गंमत आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. आपण मृग निघाला म्हणतो, ७-८ जूनला. त्या दिवसांत मृग नक्षत्र रात्री दिसतच नाही. सूर्य त्या नक्षत्रात गेलेला असतो म्हणून ते मृगाचे दिवस. पेरणीचं सगळं गणित, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हत्तीचा पाऊस, हे न दिसणाऱ्या ताऱ्यांवर चालतं. सूर्यामागं कुठलं नक्षत्र लपलंय हे सांगायचं तर आधी वर्षभर रात्री कुणीतरी वर बघून नोंद ठेवलेली असली पाहिजे. ते कुणी केलं?

त्यातलं एक ठिकाण आपल्या अगदी शेजारी आहे. कन्नडचा औट्रम घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडं पाटणादेवी आहे. आपल्याकडचे लोक पावसाळ्यात धबधबे बघायला जातात तेच, गौताळा अभयारण्याच्या कुशीतलं. तिथं देवीच्या देवळात एक शिलालेख होता, जो भाऊ दाजी लाड यांनी १८६०च्या दशकात अभ्यासकांपुढं आणला. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, (आळंदीच्या गोष्टीतले वाघावर बसणारे चांगदेव वेगळे, गल्लत करू नका) हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांचे बाकीचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी मठाला दान दिलं, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या मुहूर्तावर.

लेखाचा वरचा भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण तिथं पैशापाण्याचा विषय येतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हक्क मठाला. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकाकडून पळी-पळी तेल. मला इतिहासातल्या लढायांपेक्षा अशा ओळी जास्त आवडतात. मठात पोरं ग्रहगणित शिकत होती आणि तेलाचा खर्च गावातल्या घाण्यांवर होता. त्या तेलात काय शिजलं आणि काय जळलं ते लेखात नाही, पण रात्री पोथी वाचायला दिवा लागतोच. त्या दिव्यानं आकाशाला काही झालं नसेल.

आता निजामाच्या राज्याकडं या. १९४८ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, म्हणून तिथली वेधशाळा ही एका अर्थी आपलीही. १९०१ साली हैदराबादच्या नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणून स्वतःची वेधशाळा उभारली. पुढं ती सरकारकडं गेली आणि निजामिया वेधशाळा झाली, १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाकडं आली. त्या काळी जगभरच्या वेधशाळांनी मिळून सबंध आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांची यादी करायचं ठरवलं होतं. प्रत्येकीला आकाशाचा एक पट्टा वाटून दिलेला. हैदराबादला दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा मिळाला. काचेच्या तबकड्यांवर फोटो, मग एकेका ठिपक्याचं मोजमाप, असं वर्षानुवर्षं. लाखो तारे मोजले तिथल्या लोकांनी. मराठवाड्यातल्या किती जणांनी शाळेत हे वाचलंय? मी तरी नाही.

आणि त्या वेधशाळेचं झालं काय, तर शहर वाढलं, बेगमपेटचं आकाश उजळलं आणि काम अवघड झालं. मग हैदराबादपासून पन्नासेक किलोमीटरवर जपाल-रंगापूरला नवी वेधशाळा बांधली, १९६८ साली तिथं ४८ इंची दुर्बीण बसली. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली नेमकी तिच्यावरून गेली. त्या दिवशी आपल्याकडं मात्र लोक दारं लावून घरात बसले होते, असं वडील सांगतात.

पुण्याची गोष्टही अशीच विसरलेली. कावसजी दादाभाई नेगमवाला नावाचे प्राध्यापक कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभी केली, वीस इंची दुर्बीण, तेव्हा देशातली सगळ्यात मोठी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून टिपलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा चमूही तिथंच आला होता. प्लेगचं वर्ष, आणि करमाळा तालुक्यातल्या एका स्टेशनाजवळच्या माळावर जगातले शास्त्रज्ञ तंबू ठोकून बसलेले! त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते. तिथले "साहेबाचे ओटे" दाखवून हेलियमचा शोध १८६८ साली इथंच लागला असं छातीठोक सांगितलं जातं. आमच्याच धंद्यातले लोक दरवर्षी ते छापतात. पण १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते, तेव्हा ग्रहण टिपलं ते फ्रान्सच्या जान्सेन यांनी गुंटूरहून. ओटे खरे, वर्ष चुकीचं. नेगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांची परंपरा मात्र टिकली. शं. बा. दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मराठीत 'ज्योतिर्विलास' लिहिलं, त्याचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं, ते लोकलनं लोकांना वांगणीला नेऊन रात्रभर आकाश दाखवायचे. आपल्याकडं हे काही पोचलं नाही. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू आला तेव्हा मी सोळा वर्षांचा. दिवस मावळला की वायव्येला, लिंबाच्या शेंड्यावर, दोन शेपट्यांचा. कुणी बोलावलं नाही, कुठली संस्था नाही. गल्ली आपोआप रस्त्यावर बाज टाकून बसायची. आज तो परत आला तर त्याच जागेवरून दिसेल का? हेल-बॉप इतका तेजस्वी होता की दिसेल. शेपट्यांचं सांगता येत नाही.

म्हणून पेंचची बातमी आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. देशात आधी लडाखमधलं हानले होतं, पण तो सरकारी राखीव पट्टा. पेंचमध्ये लक्षात घेण्यासारखं काय, तर त्यांनी दिवे काढले नाहीत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले, उजेड फक्त जमिनीवर पडेल असे बसवले.

कुणी लगेच विचारेल, पोरी-बाया रात्री येतात-जातात, साप-विंचू आहे, चोऱ्या आहेत, तुम्हाला अंधार सुचतोय? बरोबर आहे. मलाही दोन मुली आहेत. म्हणूनच सांगतो, आमच्या चौकातल्या हायमास्टखाली उभं राहून बघा. अर्धा उजेड समोरच्या घरांच्या खिडक्यांत आणि आभाळात जातो आणि खांबापासून पन्नास पावलांवरची बोळ काळीकुट्ट आहे. डोळे दिपल्यामुळं ती अजूनच काळी वाटते. पांढऱ्या एलईडीत निळा रंग जास्त असतो, तो हवेत जास्त पसरतो. पिवळसर दिवा, वर टोपी आणि खांब कमी उंचीचा असेल, तर तेवढ्याच विजेत बोळही उजळेल. कलकलाट आवरायला आपल्याकडं २००० सालचे ध्वनीचे नियम आहेत. उजेडासाठी असा कायदा नाही. फ्रान्समध्ये दुकानांच्या काचा नि इमारती रात्री एकनंतर उजळायला बंदी आहे.

आणि हे आत्ताच बोलायचं कारण तुम्हाला माहीत आहे. २९ सप्टेंबर २०२४ ला आपल्या औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. ७,८५५ एकर. कारखाने येणार, आले पाहिजेत, आपल्या पोरांना काम पाहिजे. जमिनी दिल्यात आपण. पण अजून हजारो खांब उभे राहायचेत. उभा राहिलेला खांब बदलायला पेंचसारखी मोहीम लागते, उभा राहायच्या आधी मात्र निविदेत एक ओळ घातली की भागतं. पुढच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. हसणारे हसतील, मीही आधी हसलो असतो.

तोवर एक काम करा. तुमच्या घरात जे कुणी सत्तरीच्या पुढचं असेल, त्यांना विचारा की बाजलं, तिकांडं सोडून अजून कोणत्या ताऱ्यांना काय म्हणायचे. मी वही घातलीय. आतापर्यंत अकरा नावं झालीत, त्यातली दोन तारे कोणते तेच सांगणाऱ्याला आठवेना. त्यांना घेऊन अमावास्येच्या आसपास वावरात जायचं ठरलंय. मोटरसायकलवर मागची एक जागा रिकामी आहे.