मका, कीडरोधक व तणनाशक-सहनशील (जनुकबदल)

कीड रोखणारी आणि तणनाशक सोसणारी अशी दोन्ही प्रकारची परकी जनुके एकाच रोपात असलेला मका. बहुतेक वेळा एकेका गुणाचे दोन जनुकबदल वाण नेहमीच्या संकराने एकत्र आणतात, म्हणून नावात गुणाकाराचे चिन्ह येते (उदा. मॉन ८९०३४ × एनके ६०३). बीटी ११ या वाणात मात्र दोन्ही जनुके एकत्रच घातलेली होती. तो अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाला. तिथल्या मक्याच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर आज दोन्ही गुणांचे बियाणे असते. ब्राझील, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका आणि फिलिपिन्समध्येही अशी लागवड आहे. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी नाही.

कार्यपद्धती : बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून घेतलेल्या ‘क्राय’ जनुकामुळे पानात व खोडात एक प्रथिन तयार होते. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते आतल्या पेशींना चिकटून छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते आणि मरते. तणनाशकाचा गुण वेगळ्या वाटेने येतो. ग्लायफोसेट हे वनस्पतींना आवश्यक अशी काही अमिनो आम्ले बनवणारे एक विकर बंद पाडते. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूतले तेच विकर ग्लायफोसेटला दाद देत नाही, आणि त्याचे जनुक मक्यात घातलेले असते. ग्लुफोसिनेट सोसणाऱ्या वाणांत स्ट्रेप्टोमायसिसचे जनुक वापरतात.

लष्करी अळी : ही अमेरिका खंडातली कीड भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात नोंदली गेली, आणि त्याच वर्षी तेलंगण व महाराष्ट्रात पोचली. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी फिकट खूण आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके यांवरून ती ओळखता येते. पानांवर आधी पांढुरके, काचेसारखे पट्टे दिसतात. पुढे अळी पोंग्यात शिरते आणि लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा पोंग्यात साचते. त्या अवस्थेत वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, औषध नेमके पोंग्यात पडावे लागते. बीटी मक्याची मागणी भारतात पुन्हा ऐकू येऊ लागली ती मुख्यतः या अळीमुळे.

मात्र बीटी प्रथिनाला सर्वांत लवकर पुरून उरलेल्या किडींत हीच अळी आहे. क्राय १एफ प्रथिनाच्या मक्यावर २००६ मध्ये पोर्तो रिकोत तिची प्रतिकारक्षम पैदास आढळली. पुढे ब्राझीलमध्येही तेच झाले. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या खोडकिड्याने मॉन ८१० या वाणाला दाद देणे सोडल्याची नोंद २००७ ची आहे. नंतरच्या वाणांत दोन-दोन, तीन-तीन क्राय जनुके घातली जातात, त्यामागे हा अनुभव आहे.

आश्रय ओळी : बीटी पिकाशेजारी काही ओळी बिगर-बीटी ठेवायच्या असतात. तिथे वाढलेले साधे पतंग बीटी पिकातून वाचलेल्या विरळ पतंगांशी जुळतात आणि प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत एकवटत नाही. दुहेरी गुणाच्या पिकात इथे एक अडचण येते, आणि भारतातल्या चर्चेत तिच्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. आश्रयाच्या ओळी बिगर-बीटी असल्या तरी त्यांना तणनाशक सोसले पाहिजे. साधे बी पेरून सगळ्या वावरावर ग्लायफोसेट मारले, तर तणाबरोबर आश्रयही जळून जातो.

भारतातील स्थिती : मॉन्सँटोच्या मॉन ८९०३४ × एनके ६०३ या वाणाच्या मर्यादित क्षेत्रचाचण्या झाल्या. जनुकबदल अन्नपिकांचा वाद मात्र बीटी वांग्यावरून पेटला. त्यावरील जनसुनावण्यांसाठी केंद्राने निवडलेल्या सात शहरांत नागपूर आणि हैदराबाद होती. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली. २०११ मध्ये बिहारने जनुकबदल मक्याच्या चाचणीला हरकत घेतली. त्यानंतर चाचणीआधी राज्याचे ना-हरकत पत्र लागू लागले आणि अनेक चाचण्या तिथेच अडल्या. २०२५ मध्ये पंजाबने लुधियानाच्या कृषी विद्यापीठातील मका चाचण्यांना संमती दिली.

कापसातील दाखला : मक्यात जे घडलेले नाही ते कापसात घडले, म्हणून ते येथे सविस्तर दिले आहे. महिको या बियाणे कंपनीने बीटी व ग्लायफोसेट-सहनशील कपाशीचा अर्ज जुलै २०१६ मध्ये मागे घेतला. तोवर तशी सरकी चोरवाटेने बाजारात आली होती. २०१७ पर्यंत महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र आणि गुजरातेत ती पसरल्याचे उघड झाले. विदर्भात तिला ‘चोर बीटी’ म्हणतात. शेतकऱ्यांची बाजू साधी आहे. ऐन पावसाळ्यात वाफसा मिळत नाही, डवरणी होत नाही, निंदणाला माणसे मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने कायदा उघडपणे मोडून हे बियाणे पेरले. पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता.

निंदणाच्या मजुरीवर जगणाऱ्या बायकांचे काय होते, याची मोजदाद या वादात कोणत्याच बाजूने नीट मांडलेली नाही.

चोरट्या पाकिटावर वाणाचे खरे नाव नसते, उगवणीची हमी नसते, बिल नसते आणि आश्रयाचे बीही नसते. मंजूर बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी येत असे. तीही पुष्कळांनी पेरली नाही आणि गुलाबी बोंडअळीने त्या कपाशीतली दोन्ही बीटी प्रथिने पचवली. परवानगी रोखल्याने बियाणे थांबले नाही, त्याच्यावरची देखरेख तेवढी थांबली. मक्यात हे पुन्हा घडू देणे अधिक महागात पडेल. मक्याचा परागकण वाऱ्याने शेजारच्या वावरात जातो, आणि लष्करी अळी बोंडअळीपेक्षा अधिक पिके खाते.

हैदराबाद : देशातील बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र. राजेंद्रनगरला भारतीय मका संशोधन संस्थेची हिवाळी रोपवाटिका आहे. पटानचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या आवारातून सिमिट या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन संस्थेचे आशियाई मका काम चालते.  तेलंगणाने २०१८ मध्ये ग्लायफोसेटच्या विक्रीवर निर्बंध घातले.

आरोग्य : ग्लायफोसेट ‘बहुधा कर्ककारक’ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये म्हटले, अमेरिका व युरोपातील नियामक संस्थांचे मत वेगळे आहे.

आयात : जनुकबदल मक्याच्या धान्याची आयात भारत करू देत नाही. इथेनॉलसाठी मका वळल्यापासून कोंबडीखाद्याची टंचाई सांगून पोल्ट्री व्यावसायिक ती खुली करण्याची मागणी करतात.